कित्तूरची लढाई कशामुळे झाली?

(पिरनवाडी येथे मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



मंडळाने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हटले होते. आम्ही काही इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. सिव्हिलचा डिप्लोमा केला, सरकारी नोकरीत लागलो, आणि गेली वीस-बावीस वर्षे नकाशे, मोजणी आणि वारशाचे कागद यांतच गेली. पण गेल्या वर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीत एक गोष्ट घडली. ती मनातून गेली नाही, म्हणून आज उभे राहिलो.

मिरवणूक चौकात थांबली होती. आमच्या गल्लीतला चौथीतला एक मुलगा आमचे बोट धरून उभा होता. त्याने एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे पाहिले आणि विचारले, "काका, शिवाजी महाराज आणि रायण्णा यांची लढाई झाली होती ना? कोण जिंकले?"

आजूबाजूचे सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर विचार केला, की या मुलाचे काय चुकले? २०२० च्या ऑगस्टमध्ये, घरोघरी गणपती बसलेले असताना, आपल्या गावात पुतळ्यावरून काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. लाठ्या पाहिल्या, पोलिसांच्या गाड्या पाहिल्या. पुढे सगळ्यांनी एकत्र बसून मार्ग काढला, चौकाला शिवाजी महाराजांचे नाव राहिले आणि रायण्णांचा पुतळाही राहिला. हा मुलगा तेव्हा अगदी लहान होता. मोठ्यांच्या बोलण्यातून त्याच्या कानावर ही दोन नावे नेहमी भांडणाच्या संदर्भातच एकत्र आली. मग त्याने भांडण त्या दोघांचेच आहे असे धरले, यात नवल ते काय?

शिवाजी महाराज १६८० साली गेले. रायण्णांना फाशी झाली १८३१ साली. मध्ये दीडशे वर्षे आहेत. रायण्णा लढले ते इंग्रजांशी, आणि ते का लढले हे समजायचे असेल तर आधी १८२४ ची कित्तूरची लढाई समजली पाहिजे. आपल्या मराठी घरांत पानिपत सगळ्यांना तोंडपाठ. खडकीची लढाई, कोरेगाव, झाशी हेही माहीत. पण इथून मोटारीने तासाभराच्या अंतरावर असलेल्या कित्तूरची लढाई कशामुळे झाली, हे विचारले तर आपण गप्प होतो. ते "त्यांचे" आहे, असे म्हणून आपण ते पान उलटलेले आहे. आज ते पान उघडायचे आहे.

मंडळी, कित्तूर हे संस्थान फार मोठे नव्हते, पण जागा मोक्याची होती. बेळगाव आणि धारवाड यांच्या मधोमध, दक्षिणेला म्हैसूर, उत्तरेला पुणे. अशा जागेवर बसलेल्या देसायाला दोन्हीकडची मर्जी राखावी लागते. मल्लसर्ज देसाई हे कित्तूरचे कर्तबगार राज्यकर्ते. त्यांना टिपू सुलतानाने पकडून नेले होते, त्या कैदेतून ते सुटून आले. पुढे पेशव्यांशी जमवून घेतले. वर्षाकाठी पावणेदोन लाख रुपयांच्या घरात खंडणी कबूल केली. तरीही दुसऱ्या बाजीरावांनी त्यांना पुण्यात अडकवून ठेवले. तिथे त्यांची तब्येत ढासळली आणि सुटून परत येताना, १८१६ साली, वाटेतच त्यांचे निधन झाले.

ही गोष्ट आपण मराठी माणसांनी मोकळेपणाने सांगितली पाहिजे. दोन वर्षांनी, १८१८ च्या मार्च-एप्रिलमध्ये, जनरल मन्रो यांनी बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा कित्तूरने मदत कुणाला केली? इंग्रजांना केली. आज कुणी याला फितुरी म्हणेल. पण ज्या घरातला कर्ता माणूस पुण्याच्या अटकेतून मरणाच्या दारी घरी निघाला, त्या घराने पुण्याच्या किल्ल्यासाठी का मरावे? माणूस आपल्या दुखण्यावरून निर्णय घेतो. पेशवाईच्या शेवटच्या वर्षांत आजूबाजूचे लहानमोठे सरदार असेच एकेक करून दुखावले गेले होते. इंग्रजांना किल्ले सोपे गेले याचे एक कारण हेही आहे.

या मदतीचे बक्षीस म्हणून मन्रो यांनी कित्तूरचे संस्थान देसायांकडे राहू दिले. गादीवर होते मल्लसर्जांचे पुत्र शिवलिंगरुद्र सर्ज. म्हणजे पाहा, १८१८ साली कित्तूर आणि कंपनी सरकार हे एकमेकांचे मित्र होते. सहा वर्षांत असे काय घडले, की कित्तूरच्या दरवाज्यासमोर धारवाडचा कलेक्टर मरून पडला?

लढाईची कारणे सांगताना आपण साधारणपणे दोन शब्दांत उरकतो. एक स्वातंत्र्यप्रेम आणि दुसरे इंग्रजांचा लोभ. दोन्ही खरे आहे. पण नुसत्या लोभाने लढाई होत नाही. लोभाला आधी कागद लागतो. आमचे आयुष्य कागदात गेले, म्हणून आम्हाला ही लढाई एका कागदातून सुरू झालेली दिसते.

तो कागद असा. शिवलिंगरुद्र सर्ज यांना मूलबाळ नव्हते. त्यांची प्रकृती बिघडली. तेव्हा त्यांनी मस्तमर्डी गावच्या गौडांचा मुलगा दत्तक घेतला. त्याचे नाव शिवलिंगप्पा. दत्तक घेतल्याचे कळवणारे पत्र धारवाडला सेंट जॉन थॅकरे यांना पाठवले गेले. हे थॅकरे धारवाडचे मुख्य कलेक्टर आणि पोलिटिकल एजंट. पुढे इंग्रजी कादंबरीकार म्हणून गाजलेल्या विल्यम थॅकरे यांचे हे चुलते. पत्रावर तारीख होती जुलैची. थॅकरे यांच्या हातात ते पडले सप्टेंबर १८२४ मध्ये. थॅकरे यांनी धारवाडच्या सिव्हिल सर्जनला कित्तूरला पाठवले. सर्जन पोहोचला तेव्हा देसाई मरण पावलेले होते.

आता टेबलापलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याच्या डोक्यात काय येईल? तारीख जुनी, पत्र नवे. सही थरथरत्या हाताची. लिहिणारा हयात नाही. ज्याला दत्तक घेतले तो मुलगा जवळच्या भाऊबंदातला आहे की नाही याची शंका. आणि सर्वांत मोठी हरकत म्हणजे दत्तक घेण्याआधी सरकारची परवानगी घेतलेली नाही. थॅकरे यांनी शेरा मारला, की सही संशयास्पद आहे, दत्तविधान देसायांच्या मृत्यूनंतर जुळवलेले असावे.

आणि टेबलाच्या अलीकडच्या माणसाला काय वाटत असेल? आपल्याकडे आजारी माणसाने शेवटच्या दिवसांत मुलगा मांडीवर घेणे ही काही नवी गोष्ट नाही. पाणी द्यायला, पिंड घालायला कुणीतरी हवे, गादी रिकामी राहू नये, म्हणून ते केले जाते. मरणाऱ्या माणसाची सही थरथरतच असते. आणि पोटचा मुलगा झाला तर सरकारची परवानगी लागत नाही, मग मांडीवर घेतलेल्याला का लागावी? दत्तक हा धर्माचा आणि घराचा विषय आहे, कचेरीचा नव्हे, ही कित्तूरच्या माणसांची समजूत होती. त्या काळच्या कुठल्याही मराठी घराचीही हीच समजूत होती.

इथे आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. आमच्या थोरल्या काकूंना मूल नव्हते. काकांनी हयात असताना धाकट्या भावाचा मुलगा रीतसर दत्तक घेतला. होम झाला, गावजेवण झाले, शे-दोनशे माणसांनी पाहिले. कागद मात्र केला नाही. घरातल्या घरात कागद कशाला, असे काका म्हणाले. काका गेले आणि काकू जमिनीवर मुलाचे नाव लावायला एका कचेरीत गेल्या. तिथे त्यांना सांगितले, "दत्तकपत्र आणा." काकू म्हणाल्या, "अवो, सगळ्या गावानं बघितलंय." उत्तर तेच, दत्तकपत्र आणा. आम्ही तेव्हा डिप्लोमाला होतो. सुट्टीत काकूंच्या बरोबर जात होतो. चार वर्षे त्या माउलीने एसटीने हेलपाटे घातले. काकूंना जमिनीचे तेवढे दुःख नव्हते. "मुलगा माझा हाय का न्हाई, हे ते सांगणार?" हा त्यांचा सल होता.

मंडळी, १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा सांगतो की दत्तकपत्राची नोंदणी सक्तीची नाही. नोंदलेला कागद असला, तर दत्तक कायद्याप्रमाणे झाले असे न्यायालय धरून चालते. नसला तर पुरावा द्यावा लागतो, एवढेच. पण कचेरीच्या खिडकीत हा फरक समजावून सांगायला कुणाला वेळ असतो? काकूंचा तो प्रश्न आम्हाला कित्तूरच्या गोष्टीत ऐकू येतो. देसायाचा मुलगा हा त्याचा मुलगा आहे की नाही, हे धारवाड सांगणार?

थॅकरे यांनी शंका घेतली, तिथवर आपण समजू शकतो. शंका घेणे हे अधिकाऱ्याचे कामच आहे. पण शंका वरिष्ठांकडे पाठवून निकालाची वाट पाहता आली असती. दख्खनचे कमिशनर चॅप्लिन होते, मुंबईला गव्हर्नर एल्फिन्स्टन होते. थॅकरे यांनी वर लिहिले, हे खरे. पण निकाल यायच्या आधीच त्यांनी कित्तूरचा कारभार आपल्या माणसांकडे सोपवला आणि खजिन्याला मोहर करून त्यावर पहारा बसवला. या कारभाऱ्यांपैकी मल्लप्पा शेट्टी आणि व्यंकटराव ही नावे कित्तूरच्या पोवाड्यांत आणि नाटकांत आजही फितूर म्हणून घेतली जातात.

सुतकातल्या घरात पाहुणा यावा आणि त्याने तिजोरीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकावी, असे ते झाले. आमच्या मते लढाई त्या दिवशी ठरली. तोफा नंतर आल्या.

खजिना किती होता? रोकड आणि जडजवाहीर मिळून पंधरा लाखांच्या घरात होता असे सांगितले जाते. वर्षाला पावणेदोन लाख खंडणी भरणाऱ्या संस्थानाकडे पंधरा लाख शिल्लक! आणि साल कोणते आहे पाहा. १८२४ च्या मार्चमध्ये कंपनी सरकारने ब्रह्मदेशाशी युद्ध सुरू केले होते. ते युद्ध दोन वर्षे चालले आणि कंपनीला अतिशय महागात पडले. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला बंगालमध्ये बराकपूर येथे ब्रह्मदेशाला जायला नकार देणाऱ्या देशी शिपायांवर तोफा डागल्या गेल्या. कंपनीला पैसा हवा होता, आणि आपला धाक कुठे कमी झालेला चालणार नव्हता. अशा वेळी निपुत्रिक वारलेल्या देसायाचा भरलेला खजिना समोर आला. थॅकरे यांच्या मनात लोभच होता असे आम्ही म्हणत नाही. कदाचित खजिना कुणी पळवू नये एवढेच त्यांना वाटले असेल. पण कित्तूरच्या लोकांना ते कुलूप लुटीचेच दिसले, आणि पुढे जे झाले ते पाहता त्यांचे फारसे चुकले नाही.

आता राणी चन्नम्मांकडे येऊ. चन्नम्मा या काकतीच्या. आपल्या बेळगावच्या उत्तरेला पुण्याच्या रस्त्यावर जे काकती गाव आहे, तेच. मल्लसर्जांच्या त्या राणी, म्हणजे वारलेल्या शिवलिंगरुद्रांच्या सावत्र आई. त्यांचा स्वतःचा मुलगा आधीच गेलेला. पती गेले, मुलगा गेला, सावत्र मुलगा गेला, आणि मागे राहिला मांडीवर घेतलेला नातू. त्याच्या नावासाठी या बाईंनी गड लढवला. आधी लिहून पाहिले, विनंत्या करून पाहिल्या. सरकारने दत्तक मान्य करावे, एवढेच मागणे होते. सरदार गुरुसिद्धप्पा आणि कित्तूरचे शिपाई त्यांच्या पाठीशी होते.

ऑक्टोबरमध्ये थॅकरे स्वतः थोडी फौज आणि तोफा घेऊन कित्तूरला आले. २३ ऑक्टोबर १८२४ च्या सकाळी गडाचा दरवाजा आतून बंद होता. उघडा नाहीतर तोफेने उडवू, असा निर्वाणीचा निरोप गेला. दरवाजा उघडला तो कित्तूरच्या फौजेला बाहेर यायला. त्या धुमश्चक्रीत थॅकरे गोळी लागून पडले. ती गोळी अमटूरच्या बाळप्पांची, असे कित्तूरकडे सांगतात. कंपनीचे आणखी काही अधिकारी मारले गेले. स्टीव्हन्सन आणि इलियट हे दोन गोरे अधिकारी कैद झाले. या दोघांना कित्तूरने मारले नाही, सुखरूप ठेवले. त्यांतले वॉल्टर इलियट पुढे नामवंत संशोधक झाले. जिंकलेल्या बाजूने कैद्यांना जपून ठेवले, याचा अर्थ तिला अजूनही बोलणी हवी होती. कंपनीचे राज्य उलथवायला कित्तूर निघालेले नव्हते. आमचा वारस मान्य करा आणि आमचे घर आम्हाला चालवू द्या, एवढे ते भांडण होते.

पण एकदा कलेक्टर मारला गेल्यावर सरकारला दत्तकाचा प्रश्न दिसेनासा होतो. मग इभ्रतीचा प्रश्न होतो. निरनिराळ्या ठाण्यांवरून पलटणी आणि तोफा मागवल्या गेल्या. चॅप्लिन स्वतः आले. डिसेंबरच्या सुरुवातीला कित्तूरने दोन्ही कैदी सोडून दिले, तरी वेढा उठला नाही. दुसऱ्या लढाईत सोलापूरचे सब-कलेक्टर मन्रो मारले गेले. हे जनरल मन्रोंचे पुतणे. ज्या मन्रोंनी कित्तूरला अभय दिले, त्यांचा पुतण्या त्याच कित्तूरच्या वेढ्यात गेला. शेवटी तोफांपुढे तट टिकला नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गड पडला आणि खजिना सरकारजमा झाला. राणींना बैलहोंगलला कैदेत ठेवले, तिथेच १८२९ च्या फेब्रुवारीत त्यांचा अंत झाला.

आता तुम्ही म्हणाल, की यात रायण्णा कुठे आले? रायण्णा हे संगोळ्ळी गावचे शेतसनदी. शेतसनदी म्हणजे गावाच्या राखणीचे, निरोप्याचे, वेळ पडली तर हत्यार धरायचे काम करायचे आणि त्याबद्दल सनदेने मिळालेली जमीन कसून खायची. पगार नाही, जमीन हाच पगार. कित्तूर पडल्यावर या जमिनींवर नव्या सरकारची नजर गेली. कुणाची जमीन काढून घेतली, कुणावर सारा वाढला. आमच्यासारख्या मोजणीवाल्याला हे लगेच कळते. वर दत्तकाचा कागद नाकारला गेला, खाली सनदेचा कागद नाकारला गेला. देसायाचे संस्थान गेले आणि शिपायाचे वावर गेले. रायण्णांनी दोन्ही कागदांसाठी एकदम हत्यार उचलले. मागणी एकच होती, शिवलिंगप्पाला गादीवर बसवा.

१८२९-३० मध्ये त्यांनी आपल्या खानापूर तालुक्यातल्या बिडीची कचेरी जाळली. कचेरीच का? कारण जमिनीचे दप्तर तिथे होते. एप्रिल १८३० मध्ये आपल्याच माणसांनी त्यांना दगा दिला आणि ते पकडले गेले. जानेवारी १८३१ मध्ये नंदगडला त्यांना फाशी दिली. नंदगड म्हणजे काही परमुलूख नाही. आपल्या दारावरून जाणाऱ्या खानापूर रस्त्यानेच तिथे जायचे. आपल्यातल्या कितीतरी घरांची सोयरीक त्या भागात आहे. तिथल्या वडाखाली आणि समाधीपाशी नारळ ठेवणारी माणसे मराठीही बोलतात आणि कन्नडही.

आता शेवटचा मुद्दा. कित्तूरचे हे दुखणे कित्तूरपुरते नव्हते, ते आपल्याच घरात पुढे पसरत गेले. १८३९ साली निपाणीचे सिद्धोजीराव निंबाळकर वारले आणि निपाणीची जहागीर सरकारजमा झाली, कारण वारस मान्य झाला नाही. १८४८ साली साताऱ्याचे छत्रपती गेले, दत्तक नाकारला, शिवाजी महाराजांची गादी खालसा झाली. १८५३ च्या नोव्हेंबरमध्ये झाशीचे गंगाधरराव गेले. मरणाच्या आदल्या दिवशी त्यांनी दामोदरला दत्तक घेतले आणि तसे सरकारला पत्र दिले. तेही मानले नाही. आजारी राजा, शेवटच्या दिवसांतले दत्तविधान, सरकारला पत्र, नकार आणि मागे एक विधवा राणी. कित्तूर आणि झाशी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. मध्ये एकोणतीस वर्षे आहेत आणि भाषा वेगळी आहे, बाकी कथा एकच. झाशीच्या राणीसाठी आपले डोळे भरतात. काकतीची लेक त्याच प्रश्नावर तिच्या आधी लढली, हे आपल्या मुलांना माहीत नाही.

आणि याच प्रश्नाची दुसरी बाजूही आपल्या शेजारीच आहे. सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांना कळून चुकले, की दत्तक नाकारणे फार महाग पडते. १८६२ साली संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या गेल्या. पुढे कोल्हापूरची गादी रिकामी पडली, तेव्हा १८८४ साली कागलच्या घाटग्यांच्या घरातला नऊ वर्षांचा मुलगा दत्तक आला आणि सरकारने तो मान्य केला. तो मुलगा म्हणजे राजर्षी शाहू महाराज. विचार करा, कित्तूरच्या शिवलिंगप्पाला लावलेला नियम कागलच्या यशवंतरावांना लावला असता, तर शाहू महाराज झाले असते का? विधी तोच, मांडी तीच. फरक एवढाच, की एका ठिकाणी सरकारने नाही म्हटले आणि दुसऱ्या ठिकाणी हो म्हटले. आणि तो हो मिळायला मध्ये कित्तूर, झाशी आणि सत्तावन्न व्हावे लागले. शाहू महाराजांचा फोटो आपल्या कितीतरी घरांत आहे. कित्तूरच्या माणसांचे त्या फोटोमागे थोडे देणे आहे, असे आम्हाला वाटते.

तेव्हा कित्तूरची लढाई कशामुळे झाली, याचे आमचे उत्तर असे आहे. पुण्याने दुखावल्यामुळे कित्तूर इंग्रजांच्या जवळ गेले. इंग्रजांनी मैत्रीच्या नावाखाली, आपल्या घरचा वारस कोण हे ठरवण्याचा हक्क हळूच स्वतःकडे घेतला. दत्तकाच्या कागदावर शंका घेतली, आणि निकाल लागण्याआधी घराला कुलूप लावले. खजिन्याचा मोह आणि ब्रह्मदेशाच्या युद्धाचा ताण यांनी घाई वाढवली. एवढ्या सगळ्या गोष्टी जमून आल्यावर २३ ऑक्टोबर उजाडला.

एक कबुली देऊन थांबतो. काकूंच्या त्या चार वर्षांनंतर आम्ही सरकारी नोकरीत लागलो. मनाशी ठरवले होते, की टेबलाच्या त्या बाजूला बसल्यावर आपण असे करायचे नाही. आणि काही वर्षांनी एक दिवस एक म्हातारी बाई पिशवी घेऊन आमच्यासमोर उभी राहिली. दुपारची वेळ होती, कामाचा ढीग होता. तिचे बोलणे पुरते ऐकून न घेता आम्ही म्हटले, "दत्तकपत्र आणा." तिने काही न बोलता पिशवीचे तोंड बांधले आणि ती निघाली. ती दरवाज्यापर्यंत गेल्यावर आपण काय बोललो ते आमच्या लक्षात आले. उठून तिला परत बोलावले, बसवले, काय काय पुरावा चालेल ते एका कागदावर लिहून दिले. पण तो क्षणभराचा आवाज आमचाच होता. सत्ता हातात आली, की माणूस किती लवकर थॅकरे होतो, हे आम्ही स्वतःवरून सांगतो. त्याला गोरे असावे लागत नाही आणि दुसऱ्या भाषेचे असावे लागत नाही.

म्हणून मंडळाला एक विनंती आहे. यंदा विसर्जन झाले, की एखाद्या रविवारी मुलांची एक गाडी काढू. सकाळी काकती, मग कित्तूरचा पडका वाडा आणि तिथले संग्रहालय, तिथून बैलहोंगलला राणींच्या समाधीवर, आणि परतताना नंदगड. डबे घरून आणू. आमच्या ओळखीचे कित्तूरकडचे एक निवृत्त गुरुजी कन्नडमधून सांगतील, आम्ही मराठीतून सांगू. गल्लीतला तो मुलगा आता पाचवीत गेला आहे. गाडीत खिडकीजवळची जागा त्याची. चौकातून जाताना तो पुन्हा काही विचारेलच. यावेळी उत्तर द्यायला आपण तयार असू.

 आरतीची वेळ झाली आहे.

गणपती बाप्पा मोरया!